घरगुती सीएनसी राउटर: काटछाट आकारात करा, ताठपणात नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. हौसेपुरता सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने फिरतं पातं सरकवून कोरणारं-कापणारं यंत्र, घरीच बनवायचा आहे. कामाचं क्षेत्र १२०० बाय ६०० मिलिमीटर हवं. लाकडी नावाच्या पाट्या, प्लायवूडची खेळणी, कधीतरी सर्किट बोर्ड आणि जमलं तर ॲल्युमिनियम, अशी कामं. हाताशी जुन्या थ्रीडी प्रिंटरच्या तीन नेमा १७ (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) मोटरी, ८ मिलिमीटरचे गुळगुळीत पोलादी दांडे आणि एक आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आहे. बजेट तुटपुंजं. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात त्या १२०० बाय ६०० वर काट मारण्यापासून. रागावू नका. पहिल्या यंत्राचं माप प्रत्येक जण मनातल्या सगळ्यात मोठ्या वस्तूवरून ठरवतो, आणि ती वस्तू पुढे कधीच करत नाही. मीही हेच केलं होतं. माझं पहिलं यंत्र ९०० मिलिमीटर लांब होतं, ड्रॉवरच्या चॅनेलवर सरकायचं आणि एम८च्या (८ मिलिमीटर व्यासाच्या) आटेदार दांड्यांवर चालायचं. त्यावर मी केलेलं सगळ्यात लांब काम २८० मिलिमीटरचं. उरलेल्या ६२० मिलिमीटरनी मला फक्त थरथर दिली.

अंथरूण पाहून पाय पसरायची गोष्ट इथे चक्क गणितात बसते. दोन टोकांवर टेकलेल्या दांड्याच्या मध्यावर जोर दिला, तर त्याचा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट केली की वाक आठपट. गोल दांड्याचा व्यास दुप्पट केला की वाक सोळाव्या हिश्शावर येतो. तुमचेच दांडे घ्या. ४०० मिलिमीटर अंतरावर टेकवून प्रत्येकाच्या मध्यावर २० न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलो वजनाएवढा जोर दिला, तर ८ मिलिमीटरचा दांडा ०.६६ मिलिमीटर वाकतो. टोकं अगदी पक्की आवळली तर हा आकडा पाव होऊ शकतो, पण घरी केलेली पकड तेवढी पक्की नसते. त्याच जागी १६ मिलिमीटरचा दांडा घातला तर वाक ०.०४. आणि ८चा दांडा १२०० मिलिमीटरवर ताणला तर? सत्तावीस पट, म्हणजे सतरा-अठरा मिलिमीटर. त्याला दांडा म्हणायचं की दोरी, तुम्हीच ठरवा.

म्हणून माझा सल्ला: आडव्या दिशेला ३००, लांबीच्या दिशेला ४००, उभ्या दिशेला ७० ते ८० मिलिमीटर हालचाल. एवढ्यात पाट्या, खेळणी, सर्किट बोर्ड सगळं बसतं. लांब फळी हवीच असेल तर एक जुनी युक्ती आहे. यंत्राची पुढची आणि मागची बाजू मोकळी ठेवा, बेडच्या (ज्यावर काम बांधतो त्या पाटाच्या) वर कुठलीही आडवी पट्टी येऊ देऊ नका, म्हणजे फळी आरपार सरकते. एक टप्पा कापायचा, फळी पुढे ढकलायची, दुसरा टप्पा कापायचा. फळी नेमकी त्याच रेषेत यावी म्हणून बेडमध्ये आणि फळीच्या टाकाऊ कडेत ८ मिलिमीटरची भोकं पाडून त्यात खुंट्या घालायच्या. तुमच्या त्या दांड्यांचा खरा उपयोग हा. कापून छान खुंट्या होतात. जोडावर केसभर फरक दिसतोच, तेव्हा जोड दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत येईल असं चित्र मांडा.

आता सांगाडा. बेड स्थिर ठेवून वरचा आडवा पूल, म्हणजे गॅन्ट्री, सरकवायची. किंवा गॅन्ट्री पक्की ठेवून बेड सरकवायचा. दुसरा प्रकार जास्त ताठ असतो आणि त्याला तीनच मोटरी पुरतात, पण बेड पुढेमागे जायला दुप्पट जागा लागते आणि लांब फळी त्यावर झोके खाते. मुख्य काम ॲल्युमिनियमचं असतं तर मी डोळे मिटून तोच सुचवला असता. तुमच्या यादीत पाट्या आणि खेळणी आधी आहेत, म्हणून सरकती गॅन्ट्री घ्या. मात्र तिला दोन्ही बाजूंनी (मोटरने फिरून तिला ढकलणारा) स्क्रू हवा, म्हणजे चौथी मोटर आली. मध्ये एकच स्क्रू लावून भागवलं तर कडेला कापताना गॅन्ट्री तिरकी ओढली जाते. ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो ना, तसंच.

गॅन्ट्रीखाली किती उंची सोडायची, यावर फारसा कोणी विचार करत नाही. सगळे १५० मिलिमीटर सोडून मोकळे होतात. तुम्ही १८ मिलिमीटरचं प्लायवूड कापणार आहात. ६०-७० मिलिमीटर भरपूर झाले. बिटाच्या (कापणाऱ्या फिरत्या पात्याच्या) टोकावर बसणारा जोर गॅन्ट्रीच्या पायांना पिळतो आणि प्रत्येक जादा मिलिमीटर त्या पिळाला लांब तरफ देतो. उभ्या सरकपट्टीचंही तसंच. वरच्या आणि खालच्या बेअरिंगमध्ये ५० मिलिमीटर अंतर असेल आणि बिटाचं टोक खालच्या बेअरिंगपासून १०० मिलिमीटर खाली लोंबत असेल, तर बेअरिंगमधला ०.०५चा खेळ (सैलपणा) टोकाशी चांगलाच फुगतो. बेअरिंग जितकी लांब लांब बसवता येतील तितकी बसवा. घरगुती यंत्र डगमगतं ते बहुतेक वेळा इथेच, उभ्या अक्षावर. पण पैसे संपलेले असतात तेही नेमके इथेच, कारण हा भाग शेवटी बनवला जातो. तुम्ही तो आधी बनवा.

सांगाड्याला काय वापरावं? पोलादाचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट आहे आणि चौकोनी लोखंडी पाइप स्वस्त मिळतो. ५० बाय ५०चा, ३ मिलिमीटर जाडीचा पाइप या आकाराला उत्तम. फक्त वेल्डिंग टाळा. वेल्ड थंड होताना पाइप ओढला जातो आणि गुण्यात (काटकोनात) बसवलेली चौकट गुण्यातून निघते. नट-बोल्टने जोडा, म्हणजे चूक सुधारता येते. पाइपची पाठही सपाट नसते. रेल (गॅन्ट्री ज्यावर सरकते ते रूळ) बसवताना सरळपट्टी ठेवून फट दिसेल तिथे पातळ पत्र्याचं पॅकिंग द्या. स्लॉटवाले ॲल्युमिनियमचे सेक्शन सोयीचे असतात, पण ती सोय आपण पैसे मोजून घेतो. धातूकाम जमत नसेल तर १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची बंद पेटी करा, आत आडव्याउभ्या पट्ट्या घालून. अशी पेटी पिळाला आश्चर्य वाटावं इतकी ताठ असते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सांगाड्याला नको. दमट हवेत फुगतं. बेडवरचं बदलायचं पान म्हणून मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

रेलमध्ये काटकसर करायची असेल तर आधारवाले गोल रेल चालतील, कारण खालून पूर्ण लांबीभर टेकू असतो आणि वाकण्याचा प्रश्नच राहत नाही. परवडत असतील तर १५ मिलिमीटरचे चौकोनी लिनिअर गाइड घ्या. दोन जुने चांगल्या स्थितीतले मिळाले तरी नव्या गोल रेलपेक्षा सरस. बेअरिंगचा गाडा रेलवरून उगाच काढू नका. गोळ्या सांडल्या की संध्याकाळ गेली.

स्क्रूबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण माझं पहिलं यंत्र तिथेच मेलं. एम८च्या आटेदार दांड्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिलिमीटर. एका फेऱ्यात तेवढंच सरकणार. मिनिटाला १८०० मिलिमीटर जायचं म्हटलं तर १४४० फेरे हवेत. मोटर त्याच्या कितीतरी आधी हात टेकते आणि लांब दांडा स्किपिंगच्या दोरीसारखा उडायला लागतो. माझं यंत्र कसंबसं ३०० ला चालायचं. आता बिटाच्या बाजूने बघा. १८,००० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) फिरणारं दोन धारांचं बिट मिनिटाला ३६,००० वेळा चावा घेतं. ३०० मिलिमीटरच्या चालीत प्रत्येक चाव्याच्या वाट्याला ०.००८ मिलिमीटर येतात. एवढ्या पातळ घासात धार लाकडात शिरतच नाही, नुसती घासते. लाकूड काळं पडतं, धूर येतो, बिट निळसर होऊन बोथट होतं. मी तेव्हा बिटाला दोष देत एकामागून एक नवी बिटं आणत होतो. दोष होता दांड्याच्या पिचमध्ये.

टी८ लीडस्क्रू (भाग सरकवण्यासाठीच बनवलेला ८ मिलिमीटरचा स्क्रू) घ्या, चार सुरुवातींचा, म्हणजे आट्यांचं अंतर २ मिलिमीटर पण एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकणारा. १८०० च्या चालीला फक्त २२५ फेरे. नट मात्र स्प्रिंगवाला, खेळ खाणारा घ्या. बजेट सैल झालं की १२ किंवा १६ मिलिमीटरचा बॉलस्क्रू (ज्याच्या नटात गोळ्या फिरतात तो), तोही आधी लांबीच्या दिशेला. जीटी२ दातेरी पट्टा लेझरला किंवा पेनाला ठीक आहे. बिट लाकडात शिरलं की तो ताणला जातो.

कापण्याचा हिशोब एकदा हातानं मांडून ठेवा: आरपीएम गुणिले धारांची संख्या गुणिले एका चाव्याची जाडी. प्लायवूडला ३ मिलिमीटरच्या बिटाने ०.०५ धरली तर १८,००० × २ × ०.०५ = १८००. यंत्र एवढं पळत नसेल तर आरपीएम कमी करा किंवा एकधारी बिट घ्या: १२,००० × १ × ०.०५ = ६००. हे ६०० लहान यंत्राला सहज झेपतं. म्हणून स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) निवडताना मी वॉटच्या आधी वेग किती खाली येतो ते पाहतो.

७७५ मोटरने (छोटी डीसी मोटर) पाट्या कोरता येतात, सर्किट बोर्ड होतात, पण १८ मिलिमीटरचं प्लायवूड कापताना ती केविलवाणी होते. माझी निवड सुताराचा हातातला छोटा ट्रिमर, वेग कमीजास्त करता येणारा. किमतीच्या मानाने त्याच्यात दम भरपूर असतो. आवाज कर्कश, आणि कार्बन ब्रश झिजतात, ते बदलावे लागतात. पाण्याने थंड होणारं १.५ किलोवॉटचं स्पिंडल फार गोड चालतं, पण त्याला व्हीएफडी (वेग बदलणारा विद्युत नियंत्रक) लागतो, त्याची सेटिंग लागते आणि ते वजन तुमचा उभा अक्ष पेलणार नाही. ते दुसऱ्या यंत्राला. एक बारीक गोष्ट: बिटाची दांडी ६ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर अशी दोन मापांत येते आणि डोळ्यांना फरक कळत नाही. ६.३५च्या कॉलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) ६ची दांडी आवळली तर ती आवळल्यासारखी वाटते आणि कापताना हळूहळू खाली सरकते. पाटी आरपार छेदली गेल्यावर कळतं. व्हर्नियर लावून बघत जा.

तुमच्या नेमा १७ मोटरी चालतील. या आकाराला, टी८ स्क्रूवर, मापात प्रवेग ठेवून, चालतील. तशीच चौथी मिळवा, पण मोटर बसवायची पाटी वेगळी, बोल्टने काढता येणारी ठेवा. नेमा २३ वर जायचं झालं तर तिच्या भोकांमधलं अंतर ४७.१४ मिलिमीटर असतं, नेमा १७ चं ३१. शाफ्टही ५ ऐवजी ६.३५ किंवा ८ चा, म्हणजे कपलिंगसुद्धा (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) बदलतं. पाटी बदलून भागलं पाहिजे, सांगाडा पुन्हा पोखरायला लागू नये.

आर्डुइनो उनोवर जीआरबीएल (मोटरी हलवणारं सॉफ्टवेअर) टाका. ते सेकंदाला ३०,००० पावलांपर्यंत देतं. तुम्हाला त्याच्या जवळपासही जायचं नाही. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, ड्रायव्हरवर (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटवर) आठवा मायक्रोस्टेप, म्हणजे प्रत्येक पावलाचे आठ भाग, एकूण १६००. भागिले ८ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला २०० पावलं. १८०० च्या चालीला सेकंदाला ६०००. सीएनसी शिल्डवर (आर्डुइनोवर बसणाऱ्या, ड्रायव्हर लावायच्या बोर्डावर) चौथा ड्रायव्हर लांबीच्या अक्षाची नक्कल करायला जंपरने जोडता येतो. २४ व्होल्टचा पुरवठा द्या. १२ वर मोटरी हळू असताना ठीक वाटतात आणि वेग वाढला की दम सोडतात. मायक्रोस्टेप बत्तीस केल्याने अचूकता वाढते असं समजू नका, चाल मऊ होते एवढंच. संगणकावर चित्राला इंकस्केप, थ्रीडीला आणि कापायचा मार्ग काढायला फ्रीकॅड, यंत्राकडे पाठवायला युनिव्हर्सल जीकोड सेंडर. सगळं फुकट, आणि पुरेसं.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी. वीज चालू असताना मोटरची पिन काढली की ड्रायव्हर जातो. मी दोन घालवले, दुसरा पहिल्यानंतर दहा मिनिटांत, कारण पहिला का गेला ते शोधत होतो. आणि लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणारे) नेहमी बंद सर्किटचे, म्हणजे एरवी जोडलेले राहणारे वापरा, वायर धातूच्या जाळीचं आवरण असलेली घ्या. स्पिंडल चालू झालं की त्याचा विद्युत गोंगाट साध्या वायरीत शिरतो आणि यंत्र भर कामात ‘स्विच लागला’ म्हणून थांबतं. बंद सर्किटचा आणखी फायदा असा, की वायर तुटली तरी यंत्र थांबतं. उघड्या सर्किटमध्ये ते तुटकी वायर घेऊन थेट टोकाला जाऊन धडकतं.

आपत्कालीन बटण स्पिंडलची वीजसुद्धा तोडणारं हवं, नुसतं आर्डुइनोला ‘थांब’ सांगणारं नको. सांगाड्याला अर्थिंग. चष्मा, कानाला बंद, एमडीएफ कापताना मास्क आणि व्हॅक्यूम. यंत्र चालू ठेवून जेवायला जायचं नाही: बोथट बिट एका जागी घासत राहिलं तर भुशात ठिणगी धुमसते आणि व्हॅक्यूम ती ओढून आपल्या पोटात घेतो.

ॲल्युमिनियमबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. हे यंत्र ते कापेल, पण मिनतवारीनं. एकधारी ३ मिलिमीटरचं कार्बाइड बिट, एका फेरीत ०.२ मिलिमीटर खोली, आणि कीस सतत हवेच्या झोताने उडवायचा. कीस खाचेत राहिला की बिटाला चिकटतो आणि मग बिट तुटतं. पहिले दोन महिने त्याच्या वाटेला जाऊ नका. सर्किट बोर्डचं दुखणं वेगळं: तिथे खोली ०.१ मिलिमीटर असते आणि बोर्ड तेवढाही सपाट नसतो, म्हणून आधी प्रोबने (स्पर्शाने मोजणाऱ्या टोकाने) पृष्ठभाग मोजून घेणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं.

यंत्र उभं राहिलं की लगेच बिट लावू नका. पेन बांधा, कागद चिकटवा आणि २०० बाय २०० चा चौकोन काढा. बाजू आधी मोजा. चुकत असतील तर पावलांचा आकडा सुधारा. मग कर्ण मोजा. दोन्ही २८२.८ यायला हवेत. कर्णांत १ मिलिमीटरचा फरक आला तर २०० मिलिमीटरमध्ये ०.७ची तिरपी आहे. दोन स्क्रूंमध्ये ४०० मिलिमीटर अंतर असेल तर एका बाजूने १.४ मिलिमीटर सरकवायचं. कपलिंग सैल करून टी८ स्क्रू ६३ अंश, म्हणजे फेऱ्याच्या सहाव्या हिश्शाहून थोडा जास्त फिरवला की झालं. त्यानंतर १०० मिलिमीटरचं वर्तुळ काढा आणि भिंगातून बघा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जिथे एखादा अक्ष दिशा बदलतो तिथे छोटी सपाटी किंवा पायरी दिसली, तर नटात खेळ आहे. सॉफ्टवेअरने तो झाकत बसू नका, नट आवळा.

एवढं झाल्यावर एमडीएफचं पान बेडवर बोल्टने बसवा, त्यावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघोट्या मारा आणि रुंद बिटाने यंत्राकडूनच ते सपाट करून घ्या, एका फेरीत ०.३ मिलिमीटर. जिथे पेन्सिल उरली तिथे अजून खळगा आहे, आणखी ०.३ खाली या. सगळ्या रेघा गेल्या की पहिली पाटी लावा.